अकरा हिरवे ठिपके

सेवेरा : दारात का उभे, प्रोफेसर? बकऱ्या शिकलेल्या माणसाला चावत नाहीत.

बाल्तासार : धूर सोसत नाही मला, सेवेराबाई.

सेवेरा : बदामाच्या टरफलांचा आहे. त्याशिवाय चीजला रंग चढत नाही. या, बसा. इदाइराचं काहीतरी सांगायचंय म्हणालात. पोर जाऊन दोन वर्षं झाली, आज काय आठवलं?

बाल्तासार : तिचं बरोबर होतं.

सेवेरा : काय बरोबर होतं?

बाल्तासार : वर वेधशाळेत माझ्या हाताखाली होती तेव्हाचं. एका आकाशगंगेत तिला अकरा ठिपके सापडले होते...

सेवेरा : हिरवे. मरताना तारा अंगावरचा वायू सोडतो, तो. गोफिओचं, म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ मळता मळता सांगायची. इतक्या लांबून एकेक तारा काही सुटा दिसत नाही म्हणे, मरणारा तेवढा दिसतो.

बाल्तासार : हो. तो किती वेगानं पळतो ते आम्ही मोजतो. इतक्या वेगात असूनही निसटत नसेल, तर त्याला धरून ठेवणारं काहीतरी तिथं भरपूर आहे, फक्त दिसत नाही. कृष्णद्रव्य म्हणतात त्याला. तिचे अकरा फार वेगात होते.

सेवेरा : मग?

बाल्तासार : मी ते काढून टाकले.

सेवेरा : का?

बाल्तासार : बाकीच्या दोनशे ठिपक्यांच्या वेगाशी जुळेनात. घोळक्यापासून फार लांबचा आकडा आला, की तो मागच्या भलत्याच कशाचा तरी समजून गाळायचा, अशी आमच्यात रीत आहे. मग मी छापलं, की त्या आकाशगंगेत कृष्णद्रव्य जवळजवळ नाहीच. माझं नाव झालं. ती तीनदा सांगायला आली. तिसऱ्यांदा मी दार लावून घेतलं.

सेवेरा : दाराचं नाही सांगितलं तिनं मला.

बाल्तासार : आता आठशे ठिपके मोजलेत. तिचे अकराही तिथलेच निघाले. हा नवा लेख. पहिलं नाव तिचं आहे. फक्त आई म्हणून तुमची सही लागेल.

सेवेरा : नावापुढे हा बारकासा क्रूस कसला?

बाल्तासार : लेखक हयात नसला की करतात.

सेवेरा : बरी सोय आहे.

(ती चष्मा लावून बराच वेळ कागद उलटत राहते.)

सेवेरा : तिनं तेव्हाच सांगितलं होतं आणि तुम्ही ऐकलं नाही, हे कुठं आहे यात?

बाल्तासार : तसं लिहायची पद्धत नाही.

सेवेरा : ते ठिपके रीतीनं गेले, हे पद्धतीनं.

बाल्तासार : आमच्यात चुकणं चालतं, सेवेराबाई. कुणी दाखवल्यावरही न बघणं चालत नाही. ते छापलं, तर म्हातारपणी मला कुणी दारात उभं करणार नाही.

सेवेरा : मी केलंय की. लिहा, मग सही देते.

बाल्तासार : ...लिहितो. पेन आहे माझ्याकडे. इथं, या ओळीखाली?

सेवेरा : तुमचं तुम्ही बघा. मला काय कळतंय त्यातलं.

बाल्तासार : माझ्यावर फार चिडली होती का हो ती?

सेवेरा : चिडली असती तर बरं झालं असतं. घरी आली आणि गुमान बकऱ्यांचं दूध काढायला बसली. मी रोज म्हणायची, जा, भांड त्या माणसाशी.

बाल्तासार : मग काय म्हणायची?

सेवेरा : म्हणायची, "सर चुकायचे नाहीत, आई."