वाफ सोडायची न्हाई

ठकूबाई : परत वाच गं श्रेया, ते प्रतिज्ञापत्र. ‘हिरड्याच्या रसात मी कधीच कापड बुडवलं नाही.’ ह्याच्यावर सही करायची मी?

श्रेया : मोठ्या वकीलसाहेबांनी तसं लिहिलंय, मावशी. गोरखदादाच्या पेटंटमध्ये शब्द आहेत, ‘हिरड्याच्या रसाची प्रक्रिया करून वाफवलेले कापड’. खालचं कोर्ट म्हणालं, पेटंटात दिलेल्या उदाहरणात दादानं कापड बुडवलंय, आणि ज्या कंपनीवर त्यानं नकलेचा दावा लावलाय ती रस फवारते, म्हणजे ही नक्कल नव्हे. आता अपिलात साहेबांना अर्थ रुंद करायचाय. वाफेचं सोडा, हिरडा लावलेलं कुठलंही कापड दादाचंच.

गोरख : मग कंपनीला निसटायला जागा न्हाई, आई.

ठकूबाई : आन मला? तुझ्या जन्माआधीपासून बियाण्याची पिशवी मी हिरड्यात बुडवते. डिंगोऱ्यातल्या निम्म्या बाया बुडवत्यात. ते तुझं कधी झालं रं?

गोरख : कागदावर फक्त.

ठकूबाई : शपथेवर, म्हण. ज्या हातानं सकाळी देवाला दिवा लावला, त्या हातानं खोटं लिहायची न्हाई मी. तुझ्यासाठी बी न्हाई.

गोरख : अन् कापड वाफवताना भट्टीपुढं माझे हात भाजले, ते?

ठकूबाई : कशापायी भाजले? माझी पिशवी एकदा धुतली की रस गेला, आली बुरशी. दर साली परत बुडवा. तुझं कापड वाफवलेलं, धुतलं तरी टिकतंय. जे तुझं हाय ते मोठ्यानं सांग की! माझं कशाला ढापतोस?

श्रेया : दादा, साहेबांची ज्युनिअर असले तरी मी त्यांना हेच म्हणत होते. पेटंटातलं उदाहरण म्हणजे कुंपण नव्हे. बुडवा नाहीतर फवारा, पेटंटचा जीव वाफेत आहे, आणि वाफवते तर कंपनीही. अर्थ रुंद केलास तर ते मावशीचीच पिशवी दाखवतील. हे जुनंच आहे, पेटंटच रद्द करा म्हणतील.

गोरख : साहेब ऐकत्यात व्हय कुणाचं?

ठकूबाई : फोन लाव. मी बोलते.

गोरख : नको. मीच सांगतो. वाफ सोडायची न्हाई, आईची पिशवी लपवायची न्हाई. त्यांना न्हाई पटलं तर कोर्टात श्रेया उभी राहील.

श्रेया : आणि हरलो तर?

गोरख : तर आपल्या खऱ्यावर हरू. त्यांच्या रुंद अर्थावर जिंकायचं न्हाई मला.

ठकूबाई : आता लिही. बुडवत व्हते, बुडवते, बुडवीन. दे, कुठं करू सही?

श्रेया : इथं. पिशवीही जोडायची परवानगी मागू. पण मावशी, तारीख होईपर्यंत ती हिरड्यात घालू नकोस हं. धुतल्यावर तिचं काय होतं, ते न्यायाधीशांना दिसू दे.

ठकूबाई : अगं, मग यंदाचं बियाणं कशात भरू?

गोरख : माझ्या कापडात, आई. एकदा तरी.