पाकिटावर छापेल भाव

मन्हं गाव कळसाडी, शहादा तालुक्यातलं, पण तीस वर्षं होत आली, मी अक्कलकुव्यात एकाच शेठच्या बियाणं-खताच्या दुकानात काउंटरवर उभा शे. शेठचे आजोबा राजस्थानातून आले, शेठ मात्र इथंच जन्मले, आपल्यासारखीच अहिराणी बोलतात. काय सांगू तुम्हाला, माणूस केवढा ते मला उशिरा कळलं, अन् कळलं ते माझ्याच चुकीनं.

कपाशीच्या बियाण्याचा भाव सरकारनं बांधेल शे, तो पाकिटावर छापेल असतो, वर एक रुपया घेता येत नाही. शेठला हा कायदा पटत नाही, आजही नाही. म्हणतात, भाव बांधा म्हनीसन कंपनी माल कमी पाठवस, माल कमी पडना म्हनीसन ब्लॅक व्हस, मंग शेतकरीनं काय भलं व्हयनं. मी म्हणायचो शेठ, भाव मोकळा सोडला तर डोंगरातल्या माणसाचा हात पाकिटाला लागेल का. दर पेरणीला आमचं हेच भांडण.

एका वर्षी सगळ्यांना एकच वाण पाहिजे अन् माल आला मूठभर. दुसरीकडे दुप्पट भावानं चाललेलं, गुजरातेतूनही माणसं विचारत यायची. शेठनं पाटी लावली, माणशी दोन पाकिटं, छापेल भाव. एक मोठा बागायतदार आला, जुनं गिऱ्हाईक, म्हणे वीस द्या, भाव तुम्ही बोला. शेठ म्हणाले, दोन ली जाय भाऊ. तो गेला तो गेलाच, खतंही दुसरीकडून घ्यायला लागला, आजवर पायरी चढला नाही.

आणि मी काय केलं, तर तीन खोट्या नावांची बिलं फाडून सहा पाकिटं माझ्या साल्याला दिली. तो म्हणे माझ्याच वावरात लावतो. तो ती ब्लॅकनं विकणार हे मला माहीत व्हतं, आता खोटं कशाला बोलू.

दोन दिवसांनी वरच्या पाड्यावरची एक बाई आली, दोन जिपा बदलून. दोन पाकिटं काउंटरवर ठेवली, छापेल भावावर बोट ठेवलं, म्हणाली, मला वाचता येतं, इथं एवढं लिहिलंय अन् स्टँडवर एका माणसानं दुप्पट घेतलं, बियाणं बनावट तर नाही ना, बघून सांगा. शेठनं लॉट नंबर बघितला. तो लॉट गावात फक्त आमच्याकडे आलेला. बिलबुक उघडलं, माझ्या अक्षरातल्या तीन अनोळखी नावांवर थांबले, मग माझ्याकडे बघितलं. शेठ तिला म्हणाले, बियाणं खरं शे बहीण, दुकान मन्हं शे, चूक बी मन्हीच शे, अन् वरचे पैसे गल्ल्यातून काढून तिच्या हातात दिले. ती म्हणाली, मग पाटी कशाला लावली? शेठनं मान खाली घातली. इतक्या वर्षांत त्यांना असं मी कधी बघितलं नव्हतं.

मला वाटलं आता आपल्याला काढणार. संध्याकाळी शटर ओढता ओढता एवढंच म्हणाले, कायदा माले पटत नही, तरी मी पाळस. तुले तं पटस ना रे?

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी साल्याला घेऊन निघालो, बाकीची चार पाकिटं ज्यांना विकली त्यांची घरं शोधली, वरचे घेतलेले पैसे ज्याचे त्याला परत दिले. साल्यानं तेव्हापासून बोलणं टाकलं, बायकोही बरेच दिवस रुसलेली.

आता शेठचं वय झालं, दुकान सूनबाई बघते, ते सकाळी येऊन खुर्चीवर बसतात. परवाच युरियाच्या बांधेल भावावरून आमचं परत जुंपलं, दोघांचे चहा थंड झाले. माल कमी येतो हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, मी डोळ्यांनी बघतो. माझंही खोटं नाही. आमचं जमेल असं आता काही वाटत नाही, अन् न जमो. देव त्यास्ले सुखी ठेवो, अन् माले त्यास्ना दुकानमा.