दिल्लीनं दिलेली दोन मिनिटं

...आन् वर मलाच म्हनत्यात, बनुबाई, तू बोललीच न्हाईस! आवो, बोलले की! घसा कोरडा पडस्तवर बोलले, सगळं गाव साक्षीला हाय! पन काय बोलले ते इचारू नका... न्हाई, इचाराच. तुमाला सांगते, सांगितल्याबिगर माझ्या पोटात घास उतरायचा न्हाई.

दोन मिनिटं हुती हो माझ्याकडं!

आता म्हनाल, दोन मिनिटांत काय हुतंय? लई हुतंय! दोन मिनिटांत मी तिसगावच्या बाजारात काटा मारनाऱ्याचा तराजू उलटा केलाय. दोन मिनिटांत एसटी थांबवून कंडक्टरला खाली उतरवलाय. शिकले चौथी, पन तोंड पार कॉलेजात गेलंय माझं. म्हनून तर गावानं मला निवडली!

झालं काय, दिल्लीत एक कायदा करायचं चाललंय. झाला न्हाई अजून, नुसता मसुदा हाय. मसुदा म्हंजी काय, तर पोरगी बघून गेल्यात, पसंती कळवायची ऱ्हायलीय. आमचे ग्रामसेवक यज्ञेश्वरभाऊ, त्यांनी चष्मा पुसून पुसून वाचून दाखवला, "यंत्रावर बोटांचे ठसे किंवा चेहरा जुळला नाही, एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला उपचार किंवा घरकुल नाकारता येणार नाही. तो त्याचा हक्क राहील." मी म्हनले, भाऊ, परत वाचा. त्यांनी परत वाचलं. मी म्हनले, ज्यानं ह्ये लिवलं त्यानं आमची लंकाबाई बघितलीय का काय?

लंकाबाई म्हंजी माझी थोरली जाऊ. मान द्यायला पायजे, पन एका चुलीवर इतकी वर्सं काढली की आता अगं-तुगंच करते. तिनं तीस वरीस चिंचा फोडल्या. चिंच आंबट, ती बोटांचं कातडं खाती. तिची बोटं बघाल तर चिंचोक्यावानी गुळगुळीत, रेघ म्हनून सापडायची न्हाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन फुकट हाय, पन त्याला कार्ड पायजे, आन् कार्डाला अंगठा पायजे. पंचायतीत कॉम्प्युटरवर ज्योती बसती, पोरगी गुनाची, तिनं दहा बोटं दहादा टेकवली. मशीन काय हिरवं हुईना. मग म्हनली, "आजी, चेहऱ्यावर करू. डोळे मिचकवा." आन् लंकाबाई मिचकवती भिताडाकडं!

"आजी, इकडं, मोबाईलमधी बघून मिचकवा!"

"अगं बया, बघाया येत असतं तर तुझ्याकडं कशाला आले असते?"

सांगा आता, काय चुकलं तिचं? डोळ्यांसाठी कार्ड, आन् कार्डासाठी डोळे! घरकुलाचं बी तेच. यादीत नाव हाय, पडताळनीत अंगठा न्हाई. ऱ्हाती माझ्या पडवीत, शेळीच्या शेजारी. शेळीच्या कानाला बिल्ला हाय, तिची नोंद हाय. लंकाबाईचीच न्हाई.

तर दिल्लीवाल्यांनी ठरवलं, कायदा करायच्या आदी गावांना इचारायचं, असल्या कायद्याची खरंच गरज हाय का, पडद्यावरनं, समोरासमोर. आमच्या गावाचा नंबर लागला. एकीनंच बोलायचं, बाईच पायजे, आन् दोन मिनिटं. सरपंच भागवतआण्णा म्हनले, "आपली बनुबाई! आजवर गावानं सोसलं, आता जरा दिल्लीला सोसू द्या."

आठ दिस तयारी केली मी! भाकरी थापताना बोलायची, म्हशीपुढं बोलायची. "सायब, ही लंकाबाई. हिचा अंगठा चिंचेनं खाल्लाय, हिनं कुनाला फसवलं न्हाई. मशीनला दिसत न्हाई म्हंजी ही मानूस न्हाई का?" बास. येवढंच. एका मिनिटात व्हायचं. आन् दुसऱ्या मिनिटाला लंकाबाईनं उठून अंगठा दावायचा. म्हैस सुदिक रवंथ थांबवून ऐकायची हो!

त्यो दिस उजाडला. सगळं गाव इस्त्रीच्या कपड्यात. पडद्यावर दिल्लीच्या एक बाई, शेजारी मराठी समजून सांगनारा सायब, आन् कोपऱ्यात लाल आकडे, उलटे पळनारे. लंकाबाईला मी पुढं सतरंजीवर बसवली. म्हनले, तुझं नाव घेतलं की उठ. मी उठनार, तेवढ्यात आण्णा कानाशी आले, "बनुबाई, आदी नावं घ्या बरं का. मानसं रुसत्यात."

आता ही आमची रीत! बारसं असू द्या न्हाईतर दहावा, माईक हातात आला की आदी नावं. दहाव्याला तर कावळा पिंडाला शिवून, पोट भरून, घरला जातो, तरी आमची नावं चालूच! मी म्हनले, घेऊ दोन-चार, काय लागतंय?

"गावचे कार्यसम्राट सरपंच भागवतआण्णा, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन, व्हाइस चेअरमन, पोलीस पाटील..." आन् मागनं खोकला आला. त्यो खोकला गावात सगळ्यांना ठावं हाय. माजी सरपंच, ज्ञानेश्वरमामा! माजी सरपंचाचं नाव उपसरपंचाच्या आदी पायजे, मागनं घेतलं तर अपमान. मग मी काय केलं असंल? काय केलं असंल ह्या येड्या बाईनं?

पैल्यापासनं सुरू केलं!

सायब म्हनला, "ताई, मुद्द्यावर या."

"येते की, थांबा वाईच, तंटामुक्तीचे अध्यक्ष ऱ्हायलेत!"

दिल्लीला म्हनले हो मी, थांबा! दूध डेरीचे संचालक घेतले, शाळा कमिटी घेतली, भजनी मंडळ घेतलं, बचत गटाच्या तर झाडून सगळ्या घेतल्या, त्या माझ्याच ना! आन् मग दम घेऊन म्हनले, "तर माझ्या बंधू-भगिनींनो..."

ठक्क. आवाज बंद. आकडा शून्य.

"धन्यवाद. आता राजूरकडचं गाव." संपलं.

दोन मिनिटं हुती हो माझ्याकडं! आन् मानसं काय करत हुती म्हनाल? टाळ्या! कडाडून! का न्हाई वाजवायच्या, परत्येकाचं नाव दिल्लीत पोचलं की! त्या टाळ्या ऐकून लंकाबाईला वाटलं, आपली पाळी आली. ती उठली. गुडघा धरून उठली, आन् अंगठा वर केला... पान्याच्या जारकडं. मी धावत जाऊन तिला खाली बसवली.

घरी आलो. मग पडवीत टेकल्यावर म्हनली, "बनू, किती नावं घेतलीस गं?"

म्हनले, "असतील पंचवीस."

"माझं हुतं का त्यात?"

तुमाला सांगते, भांडली असती तर बरं झालं असतं. न्हाई भांडली. शेळीला पाला टाकत बसली.

पंधरा दिसांनी यज्ञेश्वरभाऊ कागद घेऊन दारात. त्यात काय, तर "सदर मसुद्यावर गावाची कोणतीही सूचना अथवा हरकत नाही." म्हंजी आमच्या गावात कुनाचं काय अडलंच न्हाई! मी उसळले! "भाऊ, खोडा ते! लंकाबाईचं लिवा!"

"बनुताई, काय लिहू? रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं मी. नावंच आहेत नुसती. माझंही नाही त्यात, पण मी कुठं काही म्हणालो?"

खरं हुतं. मग म्हनले, "आता कशाला आलाय?" तर म्हने हजर असनाऱ्या पंचवीस जनांच्या सह्या पायजेत, एक कमी पडतीय, आन् लंकाबाई हजर हुत्या. म्हनले, "तिला सही येत न्हाई. आन् अंगठा तर उठत न्हाई."

"कागदाला चालतो, ताई. शाई लागल्याशी मतलब."

त्यांनी शाईचा डबा उघडला. रेघ न्हाई, वळन न्हाई, नुसता काळा गोळा. भाऊ म्हनले, "झकास उठला!" कार्डाला न्हाई, डोळ्याला न्हाई, घराला न्हाई... आमची काय बी हरकत न्हाई, ह्याला मातूर त्यो अंगठा एका दमात पसंत!

आन् तिला दिसत नव्हतं कुठं टेकवायचा ते. मग हात धरून टेकवला कुनी?

मीच की.