तिसरी हाक

—नाही मारोतराव, जागा भरल्या म्हटलं ते खोटं नाही, म्हनजे खोटंच आहे, पन तुमी आधी बसा. तुमची रेणुका आतली कॉम्प्युटरची खोली पाहून राह्यली, पाहू द्या तिले. हात लावला म्हनून मशीन मोडत नाही, हातानंच तर शिकायचं असते हे. पुस्तकातून नेटवर्क शिकनं म्हनजे काठावर बसून पोहनं. मी पोट्ट्यायले पहिल्याच दिवशी केबल देतो हातात — ही काळी वायर दिसते नं, भिंतीच्या कडेनं गेलेली — छिला म्हनतो, टोकं बसवा, सहाही मशिनी एकीले एक जोडा. आन दोन्ही शेवटांले ही बारकी टोपी चढवा. टोपी इसरली का सहाच्या सहा मुक्या. मंग पोट्टे माह्या तोंडाकडं पाह्यतात. मी सांगत नाही. शोधा म्हनतो.

बेल्याहून सकाळच्याच बसनं आले असान. फॉर्मवर तुमी बेला लिहिलं आन माह्या तोंडातून निघून गेलं, जागा भरल्या. तुमच्यावर राग नाही. चहा घ्या, निवून राह्यला.

तर सगळं जोडून झालं का मंग हाक मारायची. एका मशीननं दुसरीले हाक मारायची, तिनं ओ द्यायची. याले पिंग म्हनतात, मी हाकच म्हनतो, आपल्या लोकायले समजते. एका दमात चार हाका जातात. आन गंमत अशी का सकाळची पहिली हाक बहुतेक वाया जाते. पडद्यावर येते, वाट पाह्यली, उत्तर नाही. मंग पुढच्या हाकांले ओ येते. त्यात भूत-गीत काही नाही — पहिल्या हाकेच्या वेळेस मशीनले समोरचीचा पत्ताच मालूम नसते, तो विचारण्यात वेळ जाते. हे वर्गात सांगत होतो तर मागून एक पोट्टी हासली. रुख्मिणी. तुमच्याच गावची. म्हने सर, हे तर आमाले माय शिकवते. मानूस दिसत नसंल आन नुसता आवाज आला, तर दोन हाकांले ओ देऊ नये. भूत दोनदाच बोलावते. तिसरी आली का समजायचं, मानूस आहे. सारा वर्ग हासला. मीही हासलो. मी पडलो गुडीहत्नूरचा, आमचं दुकान हायवेवर — आमच्याकडं हाका कोन मारते, हॉर्न मारतात.

मशिनींले नावं द्या म्हटलं तवा पोट्ट्यांनी हिरोईनींचे नावं देल्ले. तिनं सहा नंबरले आपलंच देल्लं. रुख्मिणी. ते अजून तसंच आहे. बदलायले दोन मिनिटं लागतात, होत नाही माह्याच्यानं.

काऊन म्हनजे? तुमाले मालूम नाही? गावात तर सगळ्यायले मालूम असंल. सत्त्यान्नवचा मार्च होता. बाजूची खोली घेतली होती, केबल माळ्यावरून पलीकडं न्यायची होती. रुख्मिणी अंगानं बारीक, म्हने मीच चढन सर. लाईटचा मेन मी स्वतः बंद केला, ह्या हातानं. अर्ध्या तासानं खालून आवाज देल्ला — रुख्मिणी, उतरली का? ओ नाही. पुन्हा देल्ला. कितीतरी आवाज देल्ले. म्हटलं मागच्या शिडीनं उतरून डबा खायले गेली असंल, सवयच होती तिची. आन मेन चालू केला. माळ्यावर लाईटच्या वायरीचा एक जोड उघडा होता, मले मालूम नव्हतं — मालूम होतं. घरमालक बोलला होता. पन मेन बंद आहे म्हटल्यावर काय होते, असं वाटलं मले.

पंचनाम्यात लिहून आहे, वारंवार आवाज दिला. मीच तसं सांगितलं. पंचनाम्याचं काही नाही, कागद आहे तो. पन मंग तिची माय आली, गयाबाई. रडली नाही, भांडली नाही. माह्यासमोर बसली आन एकच विचारलं — सर, हाका किती मारल्या तुमी? मी म्हटलं, तीन. निघून गेलं तोंडातून. ती म्हने, तिसरीले तर ती ओ देतेच, लहानपनापासून देते. मंग काऊन नाही देल्ली?

आता दर बाजाराच्या दिवशी येते. तिथं पायरीवर बसते आन तेच विचारते. तिसरी मारायच्या आधीच गेली असंल का पोरगी? का तुमचा आवाज वळखला नाही तिनं? त्या दिवशी सकाळी माह्यावर रुसून निघाली होती, म्हनून तर नसंल देल्ली? काय सांगू मी तिले? मी पानी देतो. पानी पिते आन जाते.

दोनच मारल्या होत्या मारोतराव. ती वर बसून तिसरीची वाट पाहत होती.

रोज सकाळी मी एक नंबरवरून सहा नंबरले हाक मारतो. पहिलीले ओ येत नाही, तवा डोळे मिटून घेतो. उघडतो तर तिसरीची आलेली असते. कारन मालूम आहे मले, मीच तर शिकवतो. तरी डोळे मिटतातच.

रेणुकाचा आवाज नाही बराच वेळचा. रेणुका. ए रेणुका, सहा नंबरवर नको बसू बरं.

पाह्यलं? ओ नाही. आन तुमी हासून राह्यले. दार लोटलेलं आहे, मी दिसत नाही तिले, समजलं मले. तिसरी मारा म्हनता. नाही, मी नाही मारत. तुमी मारा. तुमची पोरगी आहे, मारा नं लवकर.

आली ओ.

घेऊन जा तिले. शिकवा जरूर, हुशार दिसते, पन यवतमाळले धाडा, नांदेडले धाडा, इथं नको. आन बेल्यात उतरले का गयाबाईच्या घरावरून जा. म्हना, सरनं दोनच हाका मारल्या होत्या, तुही पोरगी चुकली नाही. मीच येनार होतो सांगायले, दोनदा बसस्टँडवरून वापस आलो. जा आता, बाराची बस लागली असंल.