अच्युतची वाटी

हॅलो?… हॅलो!… हाँ जी, जबलपुर. नागपुर से है?… हाँ हाँ भैया, जोड़ दीजिए…

हॅलो… कोण, बेबीवन्सं? अहो, मी विनता… विनता बोलते! तुमची वहिनी!… हो, आता येऊन राहिलं ऐकू. नाही, हे घरी नाहीत, फॅक्टरीत गेले. लढाई सुरू झाल्यापासून रविवार कुठला आलाय. भय्यासाहेब वकिलांचा गडी बोलवायला आला, नागपूरचा फोन म्हणाला, तशीच धावत आले. हाताला कणीक आहे अजून. बोला… नाही, खोलीत कोणी नाही. भय्यासाहेब उठून ओसरीवर जाऊन बसले. बोला तुम्ही.

हो… महिना झाला परवा.

काय?… काय म्हणालात?

सुटला?

कोण सुटला, वन्सं?… नाही, सांगा ना. जो येतो तो हेच म्हणून राहिला. शेजारच्या राधाबाई आल्या, पदर डोळ्याला लावला, अच्युत सुटला हो बिचारा. आणि वर, तूही सुटलीस गं पोरी. मी काय तुरुंगात होते? मी कोणाला म्हटलं होतं, मला सोडवा म्हणून?

…चालत नव्हता, बोलत नव्हता, ते मला काहून सांगता? अकरा वर्षं मीच उचलत होते ना त्याला! हसत होता ते नाही कोणी सांगत. ऐका ना वन्सं, ऐका… तुमचे दादा शिंकले की इतका हसायचा, इतका हसायचा, की उचकी लागायची. मग काय, ह्यांनी तपकिरीची डबी आणली. आयुष्यात कधी तपकीर नाही ओढली ह्या माणसानं! संध्याकाळी फॅक्टरीचा भोंगा झाला की हा वाटी बडवायला लागायचा, टण टण टण, बाबा येणार म्हणून. आणि हे आले की कोट न काढता आधी एक शिंक… परवा हे खरोखर शिंकले हो. पडसं झालंय. आम्ही दोघांनीही त्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग हे उठून मोरीत गेले, तोंड धुवायला. बराच वेळ धूत होते.

…रडत नाही मी. आवाजच बसलाय.

अच्छा, अजून एक सांगते. ग्वारीघाटला नेलं ना, की नथ्थू नावाडी टांग्यातून खांद्यावर उचलायचा. आओ लाटसाहब, नाव तैयार है! फुलवाली त्याच्या हातात झेंडू द्यायची अन् हा सरळ तोंडात घालायचा. ती हसायची, मला म्हणायची, दीदी, भगवान को भी तो यही चढ़ाते हैं. पैसे नाही घ्यायची त्या फुलाचे…

हो, हो… आहे ना, ऐकून राहिले. बोला… घाई आहे? बरं. बोला.

तुमच्या श्रीपादची मुंज? वा! कधी?… माघात. छान. आठ संपून नववं लागलं ना त्याला? वेळेवर होऊन राहिली, चांगलं आहे.

नाही हो, टोमणा कसला. अच्युतची झाली नाही, एवढंच आठवलं. तुम्ही अन् मामंजी मिळून ठरवलंत ना. ज्याला गायत्री म्हणता येत नाही त्याची मुंज कसली, लोक हसतील… तुम्हीच म्हणालात, वन्सं! देवघरासमोर बसून म्हणालात. मामंजींनी फक्त मान हलवली.

शास्त्र? शास्त्र पुढं ऐका ना. घाटावर गुरुजींनी ह्यांना पहिला प्रश्न काय केला? मुंज झाली होती का? हे म्हणाले, नाही. मग मंत्र नाही, दहावा नाही, पिंड नाही. संपलं. हे तसेच उभे राहिले, अन् घरी येऊन मला म्हणाले, विनता, त्याचं काही करायचंच नाही म्हणतात. जिवंतपणी तुम्ही पंगतीत बसू दिलं नाही, मेल्यावर त्यांनी. बरी जोडी जमली.

…मी तोंड सांभाळून बोलू? आणि तुमच्याकडच्या हळदीकुंकवाला त्याला मागच्या खोलीत ठेवलंत, त्यानं वाटी वाजवली, बायांनी विचारलं कसला आवाज, तर तुम्ही काय म्हणालात? मांजर आहे! आत्या ना तुम्ही त्याची? मांजर!

…

हं. बोला. फोन कशासाठी केला ते बोला.

वाटी?

कोणती वाटी?… अच्छा. सासूबाईंची. चांदीची… हो, माहीत आहे. नातवाच्या मुंजीत मातृभोजनाला म्हणून ठेवली होती त्यांनी. आईनं अन् मुलानं शेवटचं एका ताटात जेवायचं, तेव्हा दहीभात ह्याच वाटीत कालवायचा… मला काय सांगता, मरताना माझ्याच हातात दिली ती त्यांनी. थोरल्या नातवासाठी. थोरला माझा होता.

आता पडूनच असेल म्हणता.

नाही, पडून नव्हती. एक दिवस पडून नव्हती. मुंज नाही म्हणालात ना, त्याच दिवशी मी ती फडताळातून काढली अन् त्याला भरवायला घेतली. त्याच वाटीत भात, त्याच वाटीत दूध. कड चावून चावून वाकडी केली होती त्यानं. भोंग्याला बडवायचा ती हीच. तुमची मांजर वाजवत होती ती हीच!

…ठोकून सरळ करून घ्याल? सोनार ओळखीचा आहे?… अहो वन्सं, थांबा. वाटी नाही माझ्याकडे.

विकली नाही! काही पण काय बोलता!

नर्मदेत सोडली.

हो. ग्वारीघाटला. मागच्या सोमवारी. ह्यांना सांगितलं नव्हतं, आता सांगितलंय. घरून दहीभात कालवून नेला. नथ्थूनं नाव मधोमध नेली अन् आम्हा मायलेकांकडे पाठ करून बसला. मी एक घास खाल्ला, एक त्याच्या नावानं पाण्यात सोडला. एक माझा, एक त्याचा. भात संपला तशी वाटी सोडली. झालं त्याचं मातृभोजन. गुरुजी नव्हते, पंगत नव्हती, हसायलाही कोणी नव्हतं. मुंज केली मी त्याची, वन्सं. श्रीपादच्या आधी केली. थोरला होता ना.

हॅलो?… वन्सं?… आहात ना?

…रडून राहिल्या तुम्ही?

अहो, रडू नका… खरंच रडून राहिल्या. महिनाभरात पहिल्यांदा कोणी नागपूरहून रडलं. तार मिळाल्यावर दोन ओळींचं कार्ड आलं होतं तुमचं, ईश्वरेच्छा म्हणून. बरं वाटलं हो. उशिरा का होईना, आत्याला…

काय?

परत बोला. नीट ऐकू नाही आलं.

…पाणी किती खोल आहे?

नथ्थूला बुडी मारायला सांगू?

वन्सं… अच्युतला काय झालं होतं, ताप होता की काय, शेवटी त्याला त्रास झाला का, हे तुम्ही अजून विचारलं नाही. आजही नाही. अन् वाटीसाठी विचारून राहिल्या, पाणी किती खोल…

हाँ जी?… कौन, ऑपरेटर?… और तीन मिनट?

नहीं भैया. काट दीजिए.