हात गार आहेत ना?

मंडळी, तुम्ही सगळे आलात. कळव्याहून बुद्धविहाराशेजारच्या, यशवंतदादांच्या चाळीतली माणसं आलीत, कल्याण-डोंबिवलीचे नाटकवाले आलेत. वर्तकनगरच्या या हॉलमध्ये मागे उभं राहायलाही जागा नाही. यशवंतदादा असते तर म्हणाले असते, "हाउसफुल्ल आहे, आता चुकलं तर मेलोच." मला बोलणं जमेल की नाही, ठाऊक नाही. माईक हलताना दिसला तर माईकला दोष देऊ नका.

मी शैला. नाटकात इतकी वर्षं दादांची बायको झाले. खरी बायको, आमच्या सुमनवहिनी, समोर बसल्यात. वहिनी, सांभाळून घ्या.

दादांची सुरुवात ऑर्केस्ट्रात झाली. गाणारी बाई साडी बदलायला गेली, कीबोर्ड बिघडला, की यांना पडद्याबाहेर ढकलायचे. "काहीतरी कर रे!" काय करणार? नकला. स्टेशनवरच्या घोषणेची, कळव्याच्या नळावरच्या भांडणाची. लोक गाणी ऐकायला आलेले. ते ओरडायचे, "बस कर, गाणं लाव!" आणि त्याच लोकांना हसवायचं! ती भीती दादांच्या अंगात मुरली ती मुरलीच. पुढे नाटकं आली, मालिका आल्या, सिनेमात हिरोचा बाप झाले, लोक रस्त्यात थांबवून फोटो काढायला लागले. भीती गेली का? नाही गेली.

प्रयोगाआधी आम्ही नारळ वाढवायचो. दादा पूजेला हात जोडायचे नाहीत, बाजूला उभे राहायचे. खोबऱ्याला मात्र पहिला हात त्यांचाच. मग तिसऱ्या घंटेआधी विंगेत माझ्यापुढे दोन्ही हात धरायचे. "शैला, बघ गं. गार आहेत ना?" बर्फ असायचे. "आहेत, दादा." "मग रंगतोय आज." प्रत्येक प्रयोगाला हेच. प्रत्येक.

गेल्या रविवारी कल्याणला त्यांनी हात पुढे केले. मी धरले. कोमट. मी म्हटलं, "दादा, आज गार नाहीत हो." ते माझ्याकडे बघतच राहिले. "भीतीच वाटत नाहीये गं," म्हणाले. "असं कधी झालं नव्हतं. काय करू?" घंटा झाली आणि मीच त्यांना बाहेर ढकललं.

प्रयोग कसा झाला? तुमच्यातले काही जण होते तिथे. टाळ्या थांबेनात. मेकअप उतरवताना दादा मात्र म्हणाले, "हसले गं लोक. पण मी तिथे नव्हतोच." आणि मंगळवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

तेव्हापासून मला एकच विचार खातोय. ते हात मला काही सांगत होते का? डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्याचा हातांशी काही संबंध नाही. ऐकताना पटतं. घरी आले की पटत नाही.

आणि आता येत्या रविवारी डोंबिवलीचा प्रयोग आहे. निर्माते रोज विचारतात, करायचा की नाही? दादांच्या जागी आमचा मिलिंद उभा राहील. तो बघा, खांबाशी. त्याचं पाठांतर चोख आहे, त्याची काळजी नाही. काळजी माझी आहे. विंगेत माझ्यापुढे हात कोण धरणार? आणि मी तिथेच कोसळले तर?

मी वहिनींना म्हटलं, "रद्द करू या का?" त्या म्हणाल्या, "ह्यांनी कधी केला होता? अगं, भीती वाटते म्हणून प्रयोग रद्द करायचा असता, तर ह्यांचा एक तरी झाला असता का?"

निर्मात्यांना मी अजून काहीच कळवलेलं नाही.

मंडळी, आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलायचं नाही. आज हात जोडू नका, शेजारच्याचा हात धरा. ओळख नसली तरी धरा. मिलिंद, तू इकडे ये. लाजतोस काय? दे हात.

अरे देवा. बर्फ आहेत रे याचे. आणि माझेही.

वहिनी, रविवारी मी उभी राहतेय. दादा, ऐकताय ना? गार आहेत.

आता शांत राहू या.