शिंपीकाकांचं कार्ड

बसच्या रांगेत माझ्यापुढे मावशी-भाची उभ्या होत्या. भाची वाचनालयाचा डेटाबेस सांभाळायची.

"दर आठवड्याला कॉम्प्युटरवर एक जॉब, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, आपोआप चालतो, मावशी. वर्षभर न फिरकलेल्यांची कार्डं बंद करतो."

"मग शिंपीकाकांचंही झालं असेल. बिचारे अंथरुणाला खिळलेत."

"नाही झालं. ग्रंथपालबाईंना विचारून मी जॉबमध्ये अट घातली, आजारी सभासदांना वगळायचं."

"वेडाबाई, ते कुठले आता परत यायला?"

"काल आले. काठी टेकत. माझ्यादेखत कार्ड लावलं आणि ते चाललं."

"अगं बाई! काय म्हणाले?"

"दोन खंडांची कादंबरी काढायला लावली. म्हणाले, 'आज पहिलाच खंड दे पोरी. दुसरा न्यायला मी येतोच.'"